मुंडकं उभं राहत नाही, तेव्हा काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: मुंबईतल्या एका कॉलेजची पोरं एकांकिका स्पर्धेसाठी वेड्या शास्त्रज्ञाची हॉरर-कॉमेडी बसवतायत. सगळ्यांनी मिळून स्टुअर्ट गॉर्डनचा १९८५चा ‘री-अ‍ॅनिमेटर’ पाहिला. आता त्यांना स्टेजवर बोलणारं कापलेलं मुंडकं हवंय, रक्त हवंय, सिनेमातल्यासारखं हिरवं चमकणारं औषध हवंय. बजेटबद्दल ‘काका, विचारूच नका’ एवढंच लिहिलंय. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘लोक हसायला हवेत, पण आम्हाला हसायला नकोत.’

मी तीसेक वर्षं रंगभूषा करतोय. नाटकं, मालिका, मधूनमधून सिनेमे. जखमा, भाजलेले चेहरे, भुतं, एकदा तर अर्धवट कुजलेला सावकार. तरी सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करतो, कारण रक्त आणि मुंडकं जुगाडाने जमतं. ते एक जमत नाही.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो परळच्या चाळीत, भाड्याच्या व्हीसीआरवर. एका रात्रीचं भाडं वसूल व्हावं म्हणून चार कॅसेटी आणायच्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत संपवायच्या, असा तो काळ. कॅसेट इतक्या वेळा कॉपी झालेली की रक्त चॉकलेटी दिसत होतं. खोलीत पंधरा-वीस माणसं. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. पण एका जागी सगळी खोली एकदम हसली, आणि माझी आजी हसता हसता ‘शी, मेल्यांनो’ म्हणाली. ती जागा कोणती, ते नीट सांगतो. तुमच्या एकांकिकेचं उत्तर तिथेच आहे.

हर्बर्ट वेस्ट हा वैद्यकीय विद्यार्थी. मेलेल्याला उठवणारं औषध त्याने बनवलंय. डॉक्टर हिल नावाचा प्राध्यापक ते चोरायला येतो, वेस्ट त्याचं डोकं फावड्याने उडवतो. मग त्याला सुचतं, अरे, सुटे भाग आपण कधी उठवून पाहिले नाहीत. तो मुंडकं उचलतो आणि ट्रेमध्ये ठेवतो. मुंडकं कलंडतं. तो सरळ करतो. पुन्हा कलंडतं. वेस्ट वैतागतो, इकडेतिकडे बघतो, टेबलावरचा बिलं टोचून ठेवायचा खिळा उचलतो (आपल्याकडे वाण्याच्या गल्ल्यावर असतो तोच) आणि मुंडकं त्यावर खच्चकन बसवतो. झालं काम. पुढच्या प्रयोगाला मोकळा.

आता बघा, यात विनोदी काय आहे? वेस्टच्या दृष्टीने काहीच नाही. त्याला ती एक अडचण आहे, गणपतीच्या चौरंगाचा एक पाय तोकडा निघाला तर आपल्याला असते तशी. जेफ्री कोम्ब्झ नावाच्या नटाने हा माणूस डोळे गरागरा फिरवणारा, खदाखदा हसणारा वेडा म्हणून केलेलाच नाही. जेवणाची सुट्टी सुरू झाल्यावर आलेल्या गिऱ्हाईकाकडे बँकेतला खडूस कॅशियर ज्या नजरेने बघतो, ती नजर त्याने संपूर्ण सिनेमाभर धरली आहे. प्रेत उठून कुणाचा तरी गळा धरतं आणि याची तक्रार काय, तर प्रेत पुरेसं ताजं नव्हतं. दादरच्या बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघणारी बाई आणि हा, दोघांचा प्रश्न एकच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: वेडा शास्त्रज्ञ वेडा करू नका. वैतागलेला करा. तुमच्यातला जो मुलगा तालमीत सगळ्यात जास्त हसवतो, त्याला ही भूमिका देऊ नका. जो प्रत्येक तालमीला वेळेवर येतो आणि बाकीचे उशिरा आले म्हणून कटकट करतो, त्याला द्या.

असल्या मुद्दाम भडक, अतिरेकी मजेला इंग्रजीत ‘कॅम्पी’ म्हणतात. या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही, पण गोष्ट आपल्याला चांगली ओळखीची आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आठवा. आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, अलीकडे वैभव मांगल्यांनी. बाईच्या वेशात पुरुष, हे पहिल्या रांगेतल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, आणि तरी ते पोर किंचाळतं. हसणं आणि किंचाळणं एकाच श्वासात. चेटकिणीला मात्र स्वतःची योजना अत्यंत महत्त्वाची वाटत असते. ‘झपाटलेला’तही तेच. रामदास पाध्यांचा तो बाहुला केवढा, तर हातभर. पण तात्या विंचूला आपण हातभर आहोत याचं हसू येत नाही, संताप येतो. म्हणून १९९३ सालचा तो बाहुला अजून पोरांच्या तोंडी आहे.

उलट उदाहरण घ्या. ‘री-अ‍ॅनिमेटर’च्या आदल्याच वर्षी, १९८४ला, रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आला. त्यातल्या सामरी राक्षसाचा चेहरा मला आजही आवडतो, अनिरुद्ध अग्रवालच्या त्या उंचीला आणि हाडांना तोड नाही. पण तिथे भीतीचा डबा वेगळा आणि विनोदाचा वेगळा. जगदीपचं ‘शोले’च्या नकलेचं प्रकरण आलं की भूत बाहेर चहा प्यायला जातं. गॉर्डनने दोन्ही एकाच डब्यात भरलं, तेही थर न लावता, कालवून. तुमची संहिता वाचताना हे तपासा: भीतीचं पान आणि विनोदाचं पान वेगळं काढून दाखवता येतंय का? येत असेल तर ती जागा पुन्हा लिहा.

गॉर्डन मूळचा नाटकवाला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. शिकागोत त्याची ‘ऑरगॅनिक थिएटर’ ही नाटक कंपनी होती, आणि एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराची ही गोष्ट त्याने आधी रंगमंचासाठीच मनात घेतली होती. तिथून टीव्हीच्या अर्ध्या तासाचा विचार झाला, मग सिनेमा. मूळ कथा १९२२ची, एका छोट्या मासिकात सहा हप्त्यांत आलेली. लव्हक्राफ्टला हप्त्याला पाच डॉलर मिळत आणि त्याला स्वतःला ती फारशी आवडत नव्हती. दर हप्त्याला ‘मागील भागात आपण वाचले’ लिहावं लागतं म्हणून तो कुरकुरायचा. आपल्या मालिकांच्या लेखकांना त्याचं दुःख कळेल. सिनेमा बनला सुमारे नऊ लाख डॉलरमध्ये. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लर, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांना त्यातून शिकण्यासारखं आहे. नाटकवाल्याची बुद्धी फ्रेमफ्रेममध्ये दिसते. खोल्या मोजक्या, माणसं मोजकी, आणि बहुतेक चमत्कार ‘प्रेक्षक नेमका कुठे बसलाय’ एवढ्या एका माहितीवर उभे.

आता मुंडकं.

टेबलावरचं बोलणारं डोकं हा जादूगारांचा फार जुना माल आहे. १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअरने ‘स्फिंक्स’ या नावाने तो दाखवला. तीन पायांचं टेबल, खाली सगळं मोकळं दिसतंय, आणि वर पेटीत बोलणारं डोकं. मोकळं दिसतं ते आरशांमुळे. टेबलाच्या पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांकडे दोन आरसे तिरपे जातात. त्यांच्यात दिसतात बाजूचे पडदे, आणि प्रेक्षकाला वाटतं आपण टेबलाखालून मागचा पडदा बघतोय. आरशांच्या मागे माणूस बसलेला. मी लहानपणी माहीमच्या जत्रेत ‘धडाविना बाई’ पाहिली, तीही याच घराण्यातली. गंमत म्हणजे सिनेमात वेस्टसुद्धा हिलच्या मुंडक्याला हेच सुनावतो, की तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार, जा, जत्रेत काम शोध.

ही आरशाची युक्ती तुम्ही वापरू नका. मी वापरली आहे, म्हणून सांगतो. एका नाट्यगृहात, नाव कशाला घ्या, आमच्या नाटकात मांत्रिकाचं मुंडकं बोलायचं. रंगीत तालीम झकास झाली. पहिल्या प्रयोगाला मुंडक्याने डोळे उघडले, थिएटर चिडीचूप. आणि मग डाव्या बाजूच्या लोकांमधून खुसखुस सुरू झाली. मुंडकं बिचारं जीव तोडून शाप देतंय आणि हशा वाढतोय. विंगेतून मला काहीच कळेना. नंतर समजलं. आरसा तिरपा असतो, म्हणजे तो विंग दाखवतो. आणि विंगेत आमचा चहावाला सहा ग्लासांची जाळी घेऊन उभा होता, कुणाला चहा हवाय ते खुणेने विचारत. अर्ध्या थिएटरला मांत्रिकाच्या मुंडक्याखाली, टेबलाच्या पायांमध्ये, बनियनमधला चहावाला दिसत होता.

वर बाल्कनीतून आरशात जमिनीची रेघ तुटलेली दिसते ती वेगळीच. आणि स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात, तेवढ्यात दोन मोठे आरसे काटकोनात बसवणं म्हणजे काच फोडून घेणं.

साधं करा. टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारी पांढरी चादर, इस्पितळात शोभेल अशी. टेबलाला भोक, ट्रेलाही भोक, खाली नट स्टुलावर. तुम्ही म्हणाल, लोकांना कळेलच की तो खाली बसलाय. कळू दे. कळू न देण्यासाठी आपल्याला एकच क्षण मिळवायचाय, अदलाबदलीचा, आणि तो क्षण वेस्टचा वैताग तुम्हाला मिळवून देतो. नीट बघा कसा. वेस्ट नकली डोकं हातात घेऊन येतो, ट्रेमागे ठेवतो. कलंडतं. लोक हसतात. पुन्हा ठेवतो, ते टेबलावरून खाली पडतं, तो केसांना धरून उचलतो. लोक आणखी हसतात. तिसऱ्यांदा तो खिळा घेऊन येतो, प्रेक्षकांकडे पाठ करून वाकतो, ‘खच्च’ आवाज. तो आवाज विंगेत कोबी चिरून काढा, माइकजवळ. तो बाजूला होतो तेव्हा ट्रेमध्ये खरा नट आहे आणि नकली डोकं टेबलामागच्या पिशवीत. जी माणसं दोनदा कलंडलेल्या डोक्याला हसली, त्यांनी ते डोकं ‘वस्तू’ म्हणून मान्य करून टाकलेलं असतं. त्या वस्तूने पापणी हलवली की पोटात गोळा येतो. म्हणजे विनोद ही तुमची हातचलाखी आहे. वेस्टने तिथे प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला, तर दोन्ही गेलं.

सिनेमात बिनडोक्याचं धड स्वतःचं मुंडकं हातात घेऊन फिरतं, तेही तुम्हाला जमेल. तिथे अनेक युक्त्या वापरल्या आहेत. त्यातली एक अशी: नटाने कमरेत वाकायचं, पाठीवर नकली खांदे आणि कापलेली मान चढवायची, आणि स्वतःचं डोकं पुढून, पोटाच्या उंचीवर, बाहेर काढायचं. वरून ढगळ पांढरा कोट. बघणाऱ्याला वाटतं धडाने डोकं पोटाशी धरलंय. स्टेजवर हे फक्त समोरून चालतं, बाजूने बघितलं की कुबड. आणि वाकलेला नट पाच मिनिटांत ‘आई गं’ म्हणतो, तेव्हा एन्ट्री छोटी ठेवा.

नकली डोकं बनवताना नटाच्या तोंडाचा साचा घ्यायचा असेल तर डेंटिस्ट लोक दातांचा ठसा घ्यायला वापरतात ते अल्जिनेट आणा. प्लास्टर ऑफ पॅरिस थेट चेहऱ्यावर कधीही नाही! ते सेट होताना गरम होतं आणि भुवया घेऊन निघतं. अल्जिनेट घेतानाही नाकपुड्या मोकळ्या आहेत की नाही हे बघायला एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला ठेवा. एवढं जमत नसेल तर लालबागच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन शाडूचं डोकं करून मागा आणि त्यावर कागदाचा लगदा चढवा. डोळे मात्र मिटलेले ठेवा. आखणी ही मूर्तिकाराची आयुष्यभराची विद्या आहे, आपण काढलेले उघडे डोळे दहाव्या रांगेतूनही खोटे दिसतात. केस खरे लावा, कारण वेस्ट डोकं केसांनी उचलणार आहे.

रक्ताबद्दल. त्या सिनेमाच्या रंगभूषाकाराने, जॉन नॉलिनने, सुमारे २४ गॅलन रक्त वापरलं. त्याआधी कुठल्याच सिनेमात त्याला दोन गॅलनच्या वर लागलं नव्हतं. चोवीस गॅलन म्हणजे नव्वद लिटर, चाळीच्या मोरीतलं पिंप काठोकाठ भरून वर चार कळश्या. तुम्हाला अर्धा लिटर पुरे. केकचं सामान मिळतं तिथे लिक्विड ग्लुकोज मिळतं. ते थोड्या पाण्यात सैल करा, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको पावडर, आणि निळ्या रंगाचा एखादाच थेंब. कोकोशिवाय ते गुलाबाचं सरबत दिसतं. तोंडातून येणारं रक्त याच कृतीचं. कपड्यांवर उडणाऱ्यात भांड्यांचा लिक्विड साबण मिसळला तर डाग निघायला सोपं जातं, पण मग ते तोंडात जाता कामा नये, म्हणून दोन बाटल्या, दोन वेगळ्या रंगांची झाकणं.

आणि एक चूक दरवर्षी स्पर्धेत बघतो. हॉरर म्हटलं की पोरं दिव्यांवर लाल जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावतात. लाल उजेडात पांढरा शर्ट आणि त्यावरचं लाल रक्त एकाच रंगाचे दिसतात. म्हणजे तुम्ही रात्रभर खपून बनवलेलं रक्त प्रकाशयोजनेने पुसून टाकलं. हिरव्या-निळ्या उजेडात तेच रक्त काळंभोर दिसतं. रक्त लाल दिसायला हवं तर पांढरा उजेड द्या, इस्पितळातल्या ट्यूबलाइटसारखा. सिनेमाच्या शवागारातही तसाच थंड, चकचकीत उजेड आहे, आणि त्या उजेडातच वेस्टचा कारकुनी चेहरा शोभतो.

हिरवं औषध सिनेमात चमकतं ते ग्लोस्टिकमधल्या, म्हणजे वाकवली की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या कांडीतल्या, द्रवामुळे. तुम्ही ग्लोस्टिक फोडायची नाही. आत काचेची कुपी असते आणि द्रव डोळ्यात गेला तर प्रयोग राहील बाजूला. त्यापेक्षा मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घ्या, ती पिवळी पूड पाण्यात विरघळवा आणि यूव्ही एलईडीचा झोत टाका. त्यातलं रायबोफ्लेविन हिरवट-पिवळं पेटतं. तो एलईडी सिरिंज ठेवायच्या स्टँडमध्येच लपवा. सिरिंज मोठी, नवी कोरी, दुकानातून घेतलेली आणि बिनसुईची. ‘माझा मामा हॉस्पिटलात आहे, तो आणून देईल’ हे चालणार नाही.

सिनेमातला एक प्रसंग मात्र तिथेच सोडा. हिलचं मुंडकं आणि नायिका, तो बांधलेल्या मुलीचा. त्याची खूप चर्चा होते आणि काही जण त्यालाच सिनेमाचा कळस मानतात. मला तो तेव्हाही खुपला आणि आजही खुपतो. बार्बरा क्रॅम्प्टनने जीव ओतून काम केलंय, पण तिथे अडचण वेस्टची नाही, त्या मुलीची आहे, आणि तिच्या अडचणीला हसायला मला जमत नाही. त्याऐवजी हिलचं धड पहारेकऱ्यासमोरून जातं तो प्रसंग उचला. मानेवर शरीरशास्त्राच्या वर्गातलं प्लास्टिकचं डोकं, तोंडाला सर्जनचा मास्क, हातात पिशवी, पिशवीत खरं डोकं. रात्रपाळीच्या वॉचमनसमोरून असं कुणी गेलं तर मुंबईत तरी कोण मान वर करून बघणार आहे? हा प्रसंग तुमच्या एकांकिकेत जसाच्या तसा बसेल, खर्च शून्य.

लाफ्टर आला की काय करायचं, हे तालमीतच ठरवा. आपले नट लाफ्टरला थांबतात आणि थांबताना ओठांच्या कोपऱ्यात हसतात. वेस्टला एक वही द्या. लोक हसायला लागले की त्याने घड्याळात बघून वहीत नोंद करायची, शांतपणे. हशा ओसरेपर्यंत लिहीत राहायचं. सिनेमातही तो मुंडक्याशी बोलताना प्रयोगाच्या नोंदीत गुंतलेला असतो, आणि तेवढ्यात मागून धड येऊन त्याला हाणतं. त्या वहीत खरोखर काहीतरी लिहा, नुसतं पेन हलवू नका, पुढच्या रांगेला कळतं.

शेवटचं, साखरेच्या रक्ताबद्दल. ते स्टेजवर सांडलं की आधी घसरतं आणि वाळलं की चपला चिकटतात. तुमच्या मागोमाग दुसऱ्या कॉलेजची एन्ट्री आहे, त्यांच्यात कुणी अनवाणी नाचणारी मुलगी असेल. म्हणून टेबलाभोवती जमिनीच्या रंगाचं रेक्झिन अंथरा आणि ब्लॅकआउट झाल्या झाल्या गुंडाळून उचला. दोन पोरं फक्त पुसायला ठेवा, एकाकडे ओलं फडकं, दुसऱ्याकडे कोरडं. आणि टेबलाखालच्या नटाला बाहेर काढायला विसरू नका. अंधारात, मान ट्रेमध्ये अडकलेली असताना, त्याला एकट्याला निघता येत नाही.